पर्यावरणस्नेही खरेदी

पर्यावरणस्नेही खरेदी : कच्चा माल, उत्पादन, वाहतूक, वापर व विल्हेवाट या सर्व टप्प्यांचा विचार करून कमी हानिकारक वस्तू निवडण्याची पद्धत. निखालस निर्धोक वस्तू नसतेच. तुलना एकच काम करणाऱ्या वस्तूंमध्ये करायची असते.

अशा खरेदीला आधार देणाऱ्या चिन्हांचा आरंभ सामान्यतः पश्चिम जर्मनीतील ‘ब्लू एंजल’पासून (१९७८) मानतात. काहीजण तो अमेरिकन विद्यार्थी गॅरी अँडरसन यांनी १९७० मध्ये रेखाटलेल्या तीन बाणांच्या पुनर्चक्रण-चिन्हापर्यंत मागे नेतात. परंतु ते चिन्ह तपासणीविनाही छापता येते. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे नॉर्डिक देशांचे ‘हंस’ (१९८९), भारताचे ‘इकोमार्क’ (१९९१) आणि युरोपीय संघाचे ‘फूल’ (१९९२) ही चिन्हे आली.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांनुसार पर्यावरणविषयक दाव्यांचे तीन प्रकार आहेत (कंसात मानकाचा क्रमांक). त्रयस्थ संस्थेने निकष तपासून दिलेले चिन्ह (१४०२४), उत्पादकाने स्वतःच केलेला दावा (१४०२१) आणि जीवनचक्राच्या आकडेवारीची पडताळलेली घोषणा (१४०२५). तिसऱ्या प्रकारात वस्तू चांगली की वाईट, हा निवाडा नसतो. खरेदीदाराच्या दृष्टीने पहिला प्रकार सर्वांत उपयोगी. मात्र परवाना क्रमांक संबंधित संस्थेच्या यादीत पडताळावा आणि दावा वस्तूविषयी आहे की नुसत्या वेष्टनाविषयी, हे पाहावे. प्लास्टिकवरील त्रिकोणातले १ ते ७ हे आकडे (१९८८पासून) केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतात. वस्तूचे पुनर्चक्रण होईलच असे नाही.

‘कंपोस्टेबल’ (कुजून खत होणारे) या शब्दाने सर्वाधिक फसगत होते. ईएन १३४३२ या युरोपीय मानकानुसार १२ आठवड्यांच्या कंपोस्टिंगनंतर २ मिमी. चाळणीवर १० टक्क्यांहून अधिक अवशेष राहता कामा नये, तसेच ६ महिन्यांत ९० टक्के जैवविघटन व्हावे लागते. ही चाचणी औद्योगिक कंपोस्टिंगसाठी असते. विघटन सुमारे ५८° से. तापमानाला मोजतात. घरच्या खतखड्ड्यात एवढी उष्णता टिकत नाही, म्हणून ‘कंपोस्टेबल’ पिशवी महिनोन्‌महिने तशीच राहू शकते. ती पुनर्चक्रणाच्या प्लास्टिकमध्ये मिसळल्यास तो मालही बिघडतो.

निकष बदलला की निष्कर्षही बदलतो. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासात साध्या कापसाच्या पिशवीची तुलना कचऱ्यासाठी पुन्हा वापरलेल्या प्लास्टिक पिशवीशी केली होती. हवामानबदलापुरते पाहिल्यास कापडी पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते. ओझोन थराच्या हानीसह सर्व निकष धरल्यास ७,१०० वेळा. रस्त्यावर वा समुद्रात पडलेल्या कचऱ्याचा परिणाम त्या हिशेबात धरलेला नाही. घरात आधीच असलेली पिशवी वापरत राहणे मात्र कोणत्याही निकषावर नव्या पिशवीपेक्षा सरसच ठरते.