महिला बचत गट (सोलापूर जिल्हा)

एकाच गल्लीतल्या, वस्तीतल्या किंवा वाडीतल्या १० ते २० स्त्रिया ठरावीक रक्कम नियमाने एकत्र टाकतात आणि त्याच पैशातून एकमेकींना कर्ज देतात, त्या मंडळीला बचत गट म्हणतात. विसाची मर्यादा १९५६ च्या कंपनी कायद्यातून आली. त्याहून मोठ्या मंडळीला नोंदणीशिवाय नफ्याचा व्यवहार करता येत नसे. २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांनी हा आकडा ५० वर नेला, तरी गट विसावरच थांबले. मंडळी त्याहून वाढली की बैठकीत चौघी बोलतात आणि बाकीच्या सह्या करून उठतात.

सोलापुरात हा शब्द सैल वापरला जातो. भिशीलाही कोणी गट म्हणते. पण भिशीत जमलेली रक्कम दर महिन्याला एकीला मिळते, फेरा संपला की भिशीही संपते आणि मागे शिल्लक काही राहत नाही. दर आठवड्याला वसुलीला येणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीचे कर्जही ‘गटाचे कर्ज’ म्हणूनच ओळखले जाते. तिथे बायका एकत्र बसतात त्या एकमेकींना जामीन म्हणून. त्यांची स्वतःची बचत नसते आणि व्याज कंपनीकडे जाते. बचत गटातले व्याज गटाच्याच पेटीत परत येते. ‘गटामुळे बुडालो’ अशी तक्रार कानावर आली की आधी यातला कोणता गट, हे विचारावे.

भारतात बँकेशी जोडलेल्या गटांची सुरुवात नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये ५०० गटांच्या प्रायोगिक प्रकल्पाने केली. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि ग्रामीण भागात ‘उमेद’ (राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे राज्यातले रूप) हे गट बांधतात. उमेदच्या रचनेत गावातले गट मिळून ग्रामसंघ आणि त्यावर प्रभागसंघ असतो. माविमकडे त्या जागी लोकसंचालित साधन केंद्र असते.

बैठक आणि वह्या

गट चालतो पंचसूत्रीवर: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत लेखे. उमेदने त्यात आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, शासकीय योजना आणि उपजीविका जोडून दशसूत्री केली. व्यवहारात मात्र पहिली पाच सूत्रे बिघडली की उरलेली पाच कागदावर राहतात.

बैठकीची वेळ कामाच्या वेळेवरून ठरवावी लागते. शहराच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. कारखान्यातून पाने, तंबाखू, दोरा आणायचा, घरी विड्या वळायच्या आणि माल देऊन यायचे, यात दिवस जातो. दुपारची बैठक म्हणजे तेवढ्या विड्या कमी. म्हणून रात्रीच्या जेवणाआधीची वेळ आणि मजुरी हातात पडल्यानंतरचा दिवस सोयीचा. ज्वारीच्या पट्ट्यात, मंगळवेढा किंवा मोहोळकडे, काढणीच्या दिवसांत आठवड्याची बैठक मासिक केली तरी चालते, पण तसा ठराव इतिवृत्तात लिहावा. न लिहिता एकदा चुकलेली बैठक पुन्हा भरायला फार वेळ लागतो.

पूर्व भागात बोलणे तेलुगूत, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये आणि वही मराठीत, असे होते. लिहिणारी एकटीच मराठी जाणणारी असेल तर बाकीच्यांना वही वाचता येत नाही आणि घोटाळ्याला वाव मिळतो. उपाय जुनाच आहे. बैठक संपण्याआधी जमा, वाटप आणि शिल्लक मोठ्याने वाचायची, प्रत्येकीच्या पासबुकात आकडा तिच्यासमोर भरायचा आणि आकडे तरी सगळ्यांनी ओळखायला शिकायचे. वह्या पाच लागतात: इतिवृत्त, रोकड वही, बचत-कर्ज खतावणी, सभासद पासबुके आणि मासिक ताळेबंदाची वही. पेटीची किल्ली एकीकडे आणि पेटी दुसरीकडे ठेवावी.

१२ जणींनी महिना २०० रुपये टाकले तर सहा महिन्यांत १४,४०० रुपये होतात. अंतर्गत कर्जाचा दर बऱ्याच गटांत महिना दोन टक्के असतो. ५,००० रुपये दहा हप्त्यांत फेडायचे असतील तर मुद्दल दरमहा ५००. व्याज शिल्लक मुद्दलावर धरले की पहिल्या महिन्यात १००, मग ९०, मग ८०, असे एकूण ५५० रुपये होते. तेच मूळ रकमेवर सरसकट धरले तर १,००० होते. ही चूक हिशेबनीस बाईच्या मनात नसतानाही होते आणि वर्षअखेरीस ‘माझेच जास्त का गेले’ या भांडणातून उघडी पडते.

बँक

सहा महिने नीट चाललेला गट बँकेच्या कर्जाला पात्र ठरतो. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना पहिले मुदत कर्ज निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातले जे जास्त असेल ते मिळावे, असे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक सांगते. निधीत बचत, जमा व्याज आणि फिरता निधी (अभियानाकडून गटाला मिळणारी रक्कम) धरतात. महाराष्ट्रात उमेदच्या गटांचा फिरता निधी २०२३ मध्ये १५ हजारांवरून ३० हजार झाला. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नसते. शाखेत तरी कोणी मुदत ठेव करून घेतो म्हणाले, तर हे परिपत्रक दाखवून लेखी कारण मागावे.

सर्वांत जास्त गट बुडतात ते कर्ज समान वाटून घेण्याने. दीड लाख आले, बारा जणींना साडेबारा हजार. जिला गरज नाही ती आपला वाटा शेजारणीला किंवा दिराला देते आणि हप्ता नावावर राहतो. त्याऐवजी गरजेप्रमाणे मागणी लिहून घ्यावी. कोणाला किती, हे ठरवताना वाद होईल, पण तो आधीच झालेला बरा. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाऊ नये, ही २०२२ पासून मायक्रोफायनान्सला लावलेली मर्यादा गटाने स्वतःलाही लावून घ्यावी. मागणी करणारीचे बाहेरचे हप्ते आधी विचारून घ्यावेत.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी

जिल्ह्यातल्या गटांचा हात बसलेला माल हाच. कडक भाकरीला मालदांडी ज्वारीचे ताजे पीठ लागते. पीठ जुने झाले की चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना कडेने फाटते. पीठ गरम पाण्यात मळून अगदी पातळ थापतात, तव्यावर भाजतात आणि मंद आचेवर पूर्ण वाळेपर्यंत ठेवतात. मधोमध ओल राहिली तर बाहेरून कळत नाही. दोन-चार दिवसांनी पाकिटात बुरशी दिसते. भाकरी पूर्ण गार व्हायच्या आत पाकीटबंद केली तरी तेच होते. पावसाळ्यात म्हणून उत्पादन कमी ठेवणारे गट शहाणे.

शेंगा चटणी उखळात कुटतात, कारण कुटल्याने दाण्याचे तेल सुटून चटणी ओलसर, एकजीव होते. मिक्सरमध्ये सलग फिरवली तर लगदा होतो. लसूण ओला राहिला किंवा शेंगदाणे जुने असले की चटणी खवट लागते. पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक, घटक, वजन आणि बांधणीची तारीख हवीच. त्याशिवाय दुकानदार माल ठेवत नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत गटातल्या प्रत्येक सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद होती. खपाचे मोठे दिवस दोन: जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि पंढरपूरची आषाढी.

पैशापलीकडे

सभासद मार सहन करते हे बहुधा गटालाच आधी कळते, कारण ती बैठकीला येणे थांबवते. अशा वेळी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि पीडित स्त्रियांसाठीच्या सरकारी ‘सखी’ केंद्रात तात्पुरता निवारा व समुपदेशन मिळते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. गटाने समेटाची घाई करू नये. तिच्या कर्जाचा हप्ता त्या महिन्यापुरता पुढे ढकलण्याचा ठराव करावा.

घर बदलल्यानेही गट विस्कटतात. विडी कामगार स्त्रियांसाठी कुंभारी इथे उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत १०,००० घरांची आहे. पुढे त्याच परिसरात रे नगर उभे राहिले आणि त्यातल्या १५,००० घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. जुन्या गल्लीतल्या गटाची सभासद तिकडे राहायला गेली की बैठकीला येण्याचे दर आठवड्याचे प्रवासभाडे परवडत नाही. तिला बाहेर पडू देताना बचत, नफ्यातला वाटा आणि बाकी कर्ज यांचा हिशेब करून उरलेली रक्कम चेकने द्यावी, तिची सही पासबुकावर आणि इतिवृत्तात घ्यावी, आणि बँकेच्या सही करणाऱ्यांत तिचे नाव असेल तर ते ठरावाने बदलून घ्यावे. हा शेवटचा ठराव राहून गेला की खाते महिनोन्महिने अडकते.