'एम२' म्हणजे नक्की कोणतं? पायरुव्हेट कायनेझच्या अँटिबॉडींची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या जीवरसायनवाल्यांच्या जुन्या पिढीला पायरुव्हेट कायनेझ, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडण्याच्या साखळीतलं शेवटचं एंझाइम, भेटायचं ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर. लॅक्टेट डिहायड्रोजिनेझ या दुसऱ्या एंझाइमची जोड द्यायची आणि ते वापरत असलेला एनएडीएच हा रेणू ३४० नॅनोमीटरला किती वेगाने उतरतो ते बघायचं. वेग कळायचा, पण या एंझाइमच्या चार रूपांपैकी काम कोणतं रूप करतंय, ते नाही.

यकृतातलं एल आणि तांबड्या पेशींतलं आर ही एका जनुकाची रूपं, एम१ आणि एम२ दुसऱ्याची. एम म्हणजे मसल, पण प्रौढ स्नायूत मुख्यतः एम१ असतं. एम२ गर्भात, मूत्रपिंडात, फुफ्फुसात. म्हणून जुन्या शोधनिबंधांत त्याचं नाव 'के', किडनीवरून. मुलं इथे हमखास अडकतात, आणि दोष त्यांचा नाही.

दोन्ही एम ५३१ अमिनो आम्लांची. जनुकातला नववा एक्सॉन (प्रथिनात उतरणारा तुकडा) घेतला तर एम१, दहावा घेतला तर एम२. त्या एक्सॉनमधून येणाऱ्या ५६ अमिनो आम्लांच्या पट्ट्यात बावीसेक जागा तेवढ्या वेगळ्या. ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने दाखवणाऱ्या पटलावर, दोघांचा बँड ५८ किलोडाल्टनच्या आसपास, एकाच जागी; त्यामुळे सगळी भिस्त अँटिबॉडीवर, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूवर. (प्रतिपिंड की प्रतिद्रव्य हा वाद पुस्तकांत, प्रयोगशाळेत मराठी-गुजराती सगळे अँटिबॉडीच म्हणतात.) अँटिबॉडी बनवण्यासाठी सशाला टोचलेलं पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) या पट्ट्याबाहेरचं असेल तर त्याच्या रक्तातून मिळणारं सीरम दोघांनाही धरणार, डबीवर काहीही छापलेलं असो. १९७५ च्या हायब्रिडोमा तंत्राने एकाच एपिटोपला (अँटिबॉडी चिकटते त्या नेमक्या जागेला) धरणारी अँटिबॉडी हवी तितकी मिळू लागली. एपिटोप कुठला निवडायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

खरा घोळ केला 'ट्यूमर एम२' या नावाने. एम२चे रेणू चार-चारच्या चौकडीत असतात किंवा दोन-दोनच्या जोडीत. गाठींमध्ये जोड्या जास्त दिसतात म्हणून जोडीला हे नाव पडलं, ती ओळखणारे तपासणी किटही निघाले, आणि एम२ हे कर्करोगाचंच एंझाइम असा समज पसरला. २००८ मध्ये गाठीच्या वाढीला एम२ची मदत होते असं उंदरांतल्या प्रयोगांवरून मांडलं गेलं, तेव्हा तो आणखी पक्का झाला. २०११ मध्ये अँटिबॉडीऐवजी मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून) मोजलं तर गाठीच्या जोडीला तपासलेल्या निरोगी ऊतींतही एम२च वरचढ निघालं. २०१३ मध्ये एम२ काढून टाकलेल्या उंदरांतही स्तनाच्या गाठी वाढल्या. नाव मात्र अजून चालूच आहे.

एम२च्या अँटिबॉडीची नवी डबी आली की ब्लॉटच्या पहिल्या लेनमध्ये (रांगेत) उंदराच्या मांडीच्या स्नायूचा लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, घालावा; त्यात मुख्यतः एम१ असतं. तिथेच ठसठशीत बँड आला, तर ती अँटिबॉडी एम१लाही धरते आहे.