आयोवा

आयोवा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्य-पश्चिम भागातील एक राज्य. क्षेत्रफळ सुमारे १,४५,७०० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे कमी. लोकसंख्या ३१,९०,३६९ (२०२०). २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे महापालिकेच्या हद्दीत जवळपास एवढी माणसे मोजली गेली होती. पूर्वेला मिसिसिपी, पश्चिमेला मिझुरी आणि बिग सू, अशा दोन्ही बाजूंच्या सीमा नद्यांनीच आखल्या आहेत. राजधानी डे मॉइन. रोमन लिपीतल्या या नावात दोन ‘एस’ आहेत आणि दोन्ही उच्चारायचे नसतात. त्यामुळे मराठीत ते तऱ्हेतऱ्हेने लिहिलेले आढळते.

राज्याची सुमारे ८५ टक्के जमीन शेतीखाली आहे. ती मूळची शेतजमीन मात्र नव्हे. येथे पुरुषभर उंचीच्या गवताचे माळ होते. त्या गवताची मुळे दोन-तीन मीटर खोल जात, दरवर्षी काही मरत आणि कुजत, आणि अशा हजारो वर्षांच्या कुजण्यातून काळी, भुसभुशीत माती तयार झाली. उत्तर-मध्य भागात शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्यांनी जमीन सपाट करून ठेवली होती. तिला उतार नसल्याने पाणी साचून दलदल होई. पहिले वसाहतकार हा भाग टाळून पुढे जात.

आपल्याकडे शेतीचा प्रश्न म्हणजे शेतात पाणी आणायचे कसे; आयोवात तो शेतातले पाणी काढायचे कसे, असा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेताखाली चर खणून भाजलेल्या मातीच्या नळ्या एकापुढे एक मांडण्यात आल्या. दोन नळ्यांच्या सांध्यांतून जादा पाणी आत झिरपते, तेथून नाल्यात आणि पुढे नदीत जाते. आता नळ्या सच्छिद्र प्लास्टिकच्या आहेत, पण त्यांना ‘टाइल’च म्हणतात. रस्त्यावरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, तरी आयोवाची समृद्धी समजून घ्यायची तर या जमिनीखालच्या जाळ्यापासूनच सुरुवात करावी लागते. मूळ गवताळ माळ आज हजारात एक भागही उरलेला नाही.

या नळ्यांतून पाण्याबरोबर खतातले नायट्रेटही वाहून जाते. डे मॉइनला पिण्याचे पाणी रकून आणि डे मॉइन या नद्यांतून मिळते. त्यातले नायट्रेट काढण्यासाठी शहराला खास यंत्रणा चालवावी लागते. २०१५ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या भागातील तीन काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) शेतातल्या पाण्याचा निचरा सांभाळणाऱ्या मंडळांवर दावा लावला. तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. २०२५ च्या जूनमध्ये नायट्रेट इतके वाढले, की ते काढणारी यंत्रणा पुरी पडेना आणि पाण्याची मागणी कमी करण्यासाठी हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली. उरलेले नायट्रेट मिसिसिपीतून थेट मेक्सिकोच्या आखातात पोचते आणि तेथील प्राणवायूविना पडलेल्या जलपट्ट्यात भर घालते.

पिके मुख्यतः दोनच : मका आणि सोयाबीन, बहुधा आलटून पालटून. मक्याखाली सुमारे १.३ कोटी एकर जमीन असते आणि चांगल्या वर्षी एकरी ५० क्विंटलच्या आसपास उतारा पडतो, तोही बहुतेक ठिकाणी केवळ पावसावर. हा आपण भाजून, लिंबू-मीठ लावून खातो तो मका नव्हे. दाणे शेतातल्या उभ्या ताटावरच कडक वाळू देतात आणि यंत्राने काढतात. त्यातला निम्म्याहून अधिक इथेनॉलच्या कारखान्यांत जातो, बराचसा उरलेला जनावरांच्या पोटात. ‘जगाला जेवू घालणारे राज्य’ हे बिरुद म्हणूनच जपून वापरावे. डुकरांची संख्या दोन कोटींहून अधिक आहे, म्हणजे माणशी सात. मका माणसाच्या ताटात येतो तो मुख्यतः त्यांच्या मांसाच्या रूपाने. अंडी आणि इथेनॉल यांच्या उत्पादनातही हे राज्य देशात आघाडीवर असते.

शेतीचे राज्य असले तरी बहुसंख्य लोक शेतकरी नाहीत. कारखानदारी, डे मॉइनमधील विमा कंपन्या आणि पवनऊर्जा यांचा वाटा मोठा आहे. निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते. १९८० नंतरच्या कर्जसंकटात जमिनीचे भाव पाच वर्षांत ६३ टक्क्यांनी कोसळले. त्यानंतर अनेक शेतकरी कुटुंबांच्या जमिनी गेल्या आणि लहान गावे ओस पडू लागली.

राज्याचे नाव आयोवे या मूळ रहिवासी जमातीवरून पडले. १८०३ मध्ये फ्रान्सकडून अमेरिकेने हा मुलूख विकत घेतला, १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर साउक आणि मेस्क्वाकी लोकांकडून जमिनी काढून घेतल्या गेल्या आणि १८४६ मध्ये २९ वे राज्य स्थापन झाले. मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये टामा काउंटीत स्वतःचे पैसे मोजून जमीन विकत घेतली. तेथे ते आजही राहतात.

नवी वाणे घडवण्याशी या राज्याचा जुना संबंध आहे. हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली. पुढे ते देशाचे कृषिमंत्री आणि उपाध्यक्ष झाले. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांचा जन्म १९१४ साली क्रेस्कोजवळ झाला. मक्याच्या मुलुखातला हा माणूस नावाजला मात्र गव्हासाठी, आणि तोही मेक्सिकोत केलेल्या कामामुळे. त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेला जागतिक अन्न पुरस्कार डे मॉइनमध्ये दिला जातो. १९८७ चे पहिले मानकरी होते एम. एस. स्वामिनाथन.

आयोवा सिटी येथील विद्यापीठात जगभरच्या लेखकांसाठी १९६७ पासून निवासी उपक्रम चालतो. मराठी कवी दिलीप चित्रे १९७० च्या दशकाच्या मध्यात याच उपक्रमासाठी तेथे गेले होते.