निळ्या दिव्याची चुगली

गेल्या जुलैत मुंबईहून परतताना कसारा घाटात पावसाने झोडपून काढलं आणि इगतपुरी येईस्तोवर माझ्या जुन्या गाडीचा डावा हेडलाइट गेला. घोटी, वाडीवऱ्हे, विल्होळी असं एका दिव्यावर चाचपडत घर गाठलं. सकाळी नवा एच-फोर बल्ब आणून बसवला. उजेड नाही. फ्यूज उपसून पाहिला, आतली पट्टी शाबूत. मल्टिमीटर काढला, होल्डर सोडवून त्याच्या पिनांवर धरला, तर चक्क 12.4 व्होल्ट. म्हणजे वीज येतेय, बल्ब नवा आहे, तरी दिवा लागत नाही. हात टेकले आणि पाथर्डी फाट्याजवळच्या एका वायरमनकाकांकडे गाडी नेली.

त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. डिप्पर, म्हणजे जवळचा झोत, लावायला सांगितलं, खिडकीतून आत डोकावले आणि म्हणाले, "साहेब, डिप्परवर अप्परचा निळा दिवा मिणमिणतोय बघा. बल्ब कशाला बदलला? अर्थ गेलाय."

अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावला की डॅशबोर्डवर लागणारा तो निळा ठिपका आदल्या रात्रभर माझ्या नाकासमोर होता!

एच-फोर बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, डिप्परचं 55 वॅटचं आणि अप्परचं 60 वॅटचं. मागे पिना मात्र तीनच. दोन फिलामेंटना वीज आणणाऱ्या दोन, आणि तिसरी दोघांची मिळून परतीची. बॅटरीपासून बल्बपर्यंत वायर येते, पण परत बॅटरीपर्यंत वायर नेलेली नसते. होल्डरमधून निघालेला वीतभर तुकडा जवळच्या पत्र्याला बोल्टने आवळतात (हाच तो 'अर्थ') आणि पुढचं काम गाडीची बॉडीच करते, कारण बॅटरीचं ऋण टोकही तिलाच जोडलेलं असतं. निम्मी वायर वाचते. त्या बदल्यात सगळा भार एका बोल्टवर येतो, आणि तो बोल्ट बंपरमागे चिखलपाणी खात बसलेला असतो. वर पितळी टर्मिनल, खाली लोखंडी पत्रा. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल म्हटली की तिथे एक चिमुकला सेलच तयार होतो आणि त्यात लोखंड झिजत जातं.

परतीची वाट बंद झाली की वीज दुसरी वाट शोधते. माझ्या गाडीत ती डाव्या डिप्परच्या फिलामेंटमधून पुढे जाऊन त्याच बल्बच्या अप्परमध्ये उलटी शिरत होती, तिथून अप्परच्या वायरने उजव्या दिव्याच्या अप्परमध्ये, आणि त्याच्या धडधाकट अर्थमधून बॅटरीकडे. तीन फिलामेंट एकापाठोपाठ एक, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 4 व्होल्ट. त्यावर फिलामेंट नुसतं लालसर होतं, उजेड पडत नाही. निळा दिवा त्याच अप्परच्या वायरवर असल्याने त्यालाही थोडा प्रसाद मिळाला आणि त्याने चुगली केली.

मग मीटरने मला का फसवलं? मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. गंजातून कशीबशी झिरपणारी वीजसुद्धा त्याला पुरते आणि तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्बला मात्र साडेचार-पाच अँपिअर लागतात. काकांचं हत्यार म्हणजे इंडिकेटरचा जुना 21 वॅटचा बल्ब आणि त्याला डाग दिलेल्या दोन वायरी. तो त्यांनी होल्डरच्या त्याच पिनांवर धरला, ढिम्म पेटला नाही. माझ्या डिजिटल मीटरपेक्षा हा टेस्ट लॅम्प खरं बोलतो, कारण तो विजेला राबवून बघतो. मीटरच वापरायचा तर बल्ब जागेवर बसवून, दिवा चालू ठेवून वापरावा: एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरं बल्बच्या अर्थ पिनेवर. एक-दोन दशांश व्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थ कच्चा समजावा. माझ्याकडे 8 च्या आसपास दिसला.

अर्थ अर्धवट खराब असेल तर दिवा जात नाही, मंदावतो, आणि त्याची आपल्याला सवय होऊन जाते. बल्बचं व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटलं तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतो. अशा वेळी बरेच जण 100/90 चा, म्हणजे अप्परला 100 आणि डिप्परला 90 वॅटचा, बल्ब टाकतात. 60 ऐवजी 100 वॅट म्हणजे प्रवाह 1.67 पट, आणि वायरीत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. होल्डर वितळतो तो त्यामुळे. मोठा फ्यूज टाकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

दोन्ही दिवे एकदम गेले तर मात्र संशय रिले, स्विच किंवा सामायिक फ्यूजवर घ्यावा. नव्या एलईडी दिव्यांत बहुतेकदा पूर्ण युनिटच बदलावं लागतं; तिथे आपल्या हातात फारसं काही उरत नाही.

काकांनी बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, आवळून वर पेट्रोलियम जेली फासली. मग माझ्या हातातला नवा बल्ब बघून हसले. त्याच्या काचेवर माझी बोटं उमटली होती. हॅलोजनची काच इतकी तापते की बोटाचं तेल तिथे जळतं, तो ठिपका जास्त तापतो आणि काच तिथेच तडकू शकते. त्यांनी जुनाच बल्ब परत बसवला. तो लख्ख लागला. नवा स्पिरिटने पुसून डिकीत ठेवलाय.