जठराची चाल मोजणारी गोळी

थंडी पडली की अमळनेरजवळ मावशीच्या मळ्यात भरीत होतं. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर हिरवी वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत टाकायची आणि मिरची-लसणाबरोबर मुसळीने ठेचायची. सोबत कळण्याची भाकरी. वीस-पंचवीस माणसं पंगतीला बसली तरी सगळ्यांत शेवटी उठणारी मावशीच. दोन वर्षांपूर्वी तिने पाव भाकरी खाल्ली आणि ताट सरकवलं. "दोन घासमाच पोट भरी जास रे भाऊ," म्हणाली.

मावशीला शुगर आहे, अठरा वर्षं झाली. दुपारचं जेवण संध्याकाळी घशाशी यायचं, मळमळायचं, वजन उतरत चाललं होतं. वर्षभर गॅसच्या गोळ्या झाल्या. मग दुर्बिणीची तपासणी झाली. अस्तर स्वच्छ, कुठे जखम नाही, गाठ नाही. "काही नाही, मनाचं आहे," असं तिला सांगण्यात आलं. ते ऐकून तिचा चेहरा जो उतरला, तो मला आजही आठवतो. दुर्बिणीत दिसतं ते जठराचं अस्तर, तेही उपाशीपोटी आणि काही मिनिटांपुरतं. विहिरीवरची मोटर उघडून पाहिली आणि आतून चकाचक दिसली, म्हणून पाणी चढतंच असं कोणताही शेतकरी म्हणणार नाही. ती चालू करून पाणी किती येतं ते बघावं लागतं. जठराची चाल अशी आतून मोजणारी, गिळायची एक यंत्र-गोळी निघाली होती. ही गोष्ट तिची.

जठराचं काम बरंचसं बडगी-मुसळीसारखं आहे. अन्न आलं की वरचा भाग सैलावतो आणि ते सामावून घेतो. तो नीट सैलावला नाही तरी दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. मग जठराच्या मधल्या भागातून आकुंचनाची लाट उठते आणि खाली सरकत जाते. तळाशी, जिथून लहान आतडं सुरू होतं, तिथे स्नायूंचं एक दार आहे. लाट तिथवर येईतो ते जवळजवळ मिटतं. फटीतून पातळ रस आणि एक-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेले कण तेवढे पुढे जातात. मोठे तुकडे मागे फेकले जातात आणि पुढच्या लाटेत पुन्हा ठेचले जातात. बडगीच्या कडेला चढलेला गर आपण बोटाने मध्ये ओढतो, इथे तो आपोआप परत येतो.

या लाटा मिनिटाला तीन, म्हणजे वीस सेकंदांना एक. हा ठेका धरतात जठराच्या भिंतीतल्या काहाल पेशी. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचं नाव त्यांना मिळालं आहे. १९०६चं नोबेल मिळालेले ते हेच. पेशी विजेचा ठेका देतात आणि स्नायू किती जोराने आवळायचा हे नसा आणि संप्रेरकं ठरवतात. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की या पेशी कमी होतात, मेंदूकडून पोटाकडे येणारी मोठी नसही दुखावते. अस्तर मात्र जसंच्या तसं राहतं. मावशीच्या दुखण्याला दुर्बिणीत सापडण्यासारखं काही नव्हतं ते यामुळे.

जठर रिकामं असतानाही स्वस्थ बसत नाही. उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी एक जोरदार फेरी जठरातून निघून लहान आतड्यातून खाली जाते आणि न पचलेला चोथा, बिया, उरलंसुरलं सगळं झाडून पुढे नेते. पोटात कावळे ओरडतात त्यात या फेरीचाही वाटा असतो. काही खाल्लं की झाडलोट थांबते आणि पुन्हा ठेचण्याचं काम सुरू होतं. ही झाडलोट लक्षात ठेवा. गोळीची सगळी युक्ती तिच्यावर उभी आहे.

आतली हालचाल मोजायची धडपड जुनी आहे. १८२२मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराच्या पोटात बंदुकीचे छर्रे घुसले. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कायम उघडं राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८३३मध्ये ते छापले. आत सरकवलेला थर्मामीटर जठर खालच्या बाजूला आवळून ओढून घेतं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्या गरीब माणसाला यात फारसं काही विचारलं गेलं नाही, हेही विसरता येत नाही. १९१२मध्ये वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगशाळेत वॉशबर्न नावाचा विद्यार्थी रबरी नळीला बांधलेला फुगा गिळून बसायला शिकला. भुकेची कळ आणि फुग्यावरचा दाब यांचा मेळ लागतो, हे त्यातून दिसलं. नळीवर दाबमापक लावून मोजण्याची पद्धत आजही चालते. नाकातून घातलेली नळी घेऊन तासन्तास पडून राहणं मात्र सोपं नाही.

नळी नको म्हणून १९५७मध्ये स्वीडन आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे रेडिओ-गोळ्या बनल्या. अमेरिकेतल्या गोळीमागे टेलिव्हिजनच्या जन्मात मोठा वाटा असलेले व्लादिमीर झ्वोरिकिन होते. ट्रान्झिस्टर नुकताच आला होता, त्यामुळे दाब ओळखणारं आणि बाहेर संदेश पाठवणारं यंत्र गिळता येईल इतकं लहान झालं. रोजच्या वापरात यायला मात्र पन्नास वर्षं लागली. २००६मध्ये अमेरिकेत स्मार्टपिल नावाच्या गोळीला परवानगी मिळाली. लांबी सुमारे २७ मिलिमीटर, जाडी १२. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग तळहातावर घ्या, साधारण तेवढी. तिच्यात तीन मापकं असतात: दाबाचं, आम्लतेचं आणि तापमानाचं. बॅटरी पाच दिवस चालते. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी सुमारे २६० कॅलरीची ठरलेली वडी खायची, वर पाण्याबरोबर गोळी गिळायची आणि सहा तास काही खायचं नाही. कमरेला किंवा गळ्यात एक छोटा रिसीव्हर असतो. त्याच्यासह घरी जायचं, चालायचं, झोपायचं. दुखलं, जेवलो, शौचाला गेलो की त्यावरचं बटण दाबायचं.

यात मला सगळ्यांत आवडतो तो आलेख. गोळी गिळली की तापमान वर चढतं आणि आम्लतेची, म्हणजे पीएचची, रेघ जठराच्या तीव्र आम्लात खाली बसते (आम्ल जितकं तीव्र, तितका हा आकडा लहान). दाबाच्या रेघेवर छोटे-मोठे सुळके येत राहतात, एकेक आकुंचन. सगळे सुळके जठराचे नसतात. खोकला, हसणं, जड वस्तू उचलणं यांचेही येतात, पण ते अणकुचीदार आणि क्षणभराचे असतात. जठराचा सुळका सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. असे काही तास जातात. मग सुळके एकदम उंच आणि दाट होतात आणि त्यापाठोपाठ आम्लतेच्या रेघेचा आकडा झपकन वर उडी घेतो. गोळी जठराच्या दारातून बाहेर पडून आतड्यात आली, जिथे आम्ल खूपच कमी! गोळी काही ठेचली जात नाही, त्यामुळे दार तिला जेवणाबरोबर सोडत नाही. जेवण आटोपून पुढची झाडलोट येईपर्यंत बहुधा ती थांबते. म्हणूनच ती कधी सुटली यावरून जेवण कधी संपलं आणि झाडलोट आली की नाही, या दोन्हींचा अंदाज येतो. पाच तासांहून जास्त लागले तर जठर मंद आहे असं धरतात. त्या सहा तासांत मध्येच एखादं बिस्किट खाल्लं तर झाडलोट लांबते आणि आकडा फसतो. शेवटी एक दिवस तापमान एकदम पडतं. गोळी शरीराबाहेर गेली.

मर्यादा आहेतच. गोळी एका वेळी एकाच जागी असते. लाट कुठून कुठे गेली हे तिला कळत नाही, ते अनेक मापकं लावलेल्या नळीलाच कळतं. आतडं कुठे अरुंद असेल तर ती अडकू शकते. गोळी पोटात असेपर्यंत एमआरआय करता येत नाही. पेसमेकर बसवलेल्यांना ती देत नसत. महागही होती, आणि पुढे तिचं उत्पादनच बंद झालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. काम मात्र थांबलेलं नाही. २०१७मध्ये एमआयटीतल्या जानान दादेविरेन आणि सहकाऱ्यांनी गुंडाळून कॅप्सूलमध्ये मावेल असा लवचीक मापक डुकरांच्या जठरात वापरून पाहिला. वाकला की तो स्वतःच किंचित वीज तयार करतो, म्हणजे जठराचं आकुंचनच संदेश बनतं.

मावशीला गोळी मिळाली नाही. तिची तपासणी झाली मोठ्या शहरात, किरणोत्सारी पदार्थाचा अंश मिसळलेलं अन्न खाऊन. चार तास ठरावीक वेळांनी जठराची चित्रं काढली. चार तासांनंतर दहा टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर जठर मंद. तिचं त्याहून बरंच जास्त उरलं होतं. कागद हातात आला तेव्हा ती रडली, आणि मला वाटतं त्यात सुटकाही होती. दुखणं मनाचं नव्हतं.

औषध चालू आहे, साखरेवर बारीक लक्ष आहे. तीनऐवजी पाच वेळा थोडं थोडं जेवते. तेल कमी, कारण स्निग्ध पदार्थ जठराला आणखी सावकाश करतात. आणि अन्न जितकं बारीक होऊन आत जाईल, तितकं जठराचं ठेचणं वाचतं. या हिवाळ्यात पंगतीचं भरीत काढून झाल्यावर मावसभावाने तिच्या वाट्याचं बडगीतच ठेवलं, आणि बी हाताला लागेनासं होईपर्यंत मुसळी चालवली.