सोलापुरात घराच्या छतावर सौर संच : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्यासाठी 18,000 रुपये, म्हणजे कमाल 78,000 रुपये केंद्रीय अनुदान मिळते. संच पाच किलोवॅटचा बसवला तरी आकडा वाढत नाही. घर व छत अर्जदाराच्या मालकीचे असावे, वीजजोडणी घरगुती व चालू असावी आणि सौर संचासाठी पूर्वी अनुदान घेतलेले नसावे, एवढ्याच मुख्य अटी आहेत.

पूर्व भागातील अनेक घरांत राहणे आणि यंत्रमाग एकाच आवारात असतात. मागांच्या मीटरवर हे अनुदान मिळत नाही. अर्ज घराच्या स्वतंत्र मीटरवरच करावा. त्याहून मोठी अडचण नावाची असते. वीजबिल अजून दिवंगत आजोबांच्या नावे आणि घर नातवाच्या ताब्यात, अशा स्थितीत आधी मृत्यू दाखला, मालकीचा पुरावा आणि इतर वारसांची संमती जोडून महावितरणकडे नावबदल करून घ्यावा, मगच सौर संचाचा विचार करावा. घाईत एजन्सीला आगाऊ रक्कम देणे शहाणपणाचे नाही.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक आणि मोबाइल क्रमांक टाकून करावयाचा असतो. ताजे वीजबिल, आधार, घरपट्टीची पावती किंवा सिटी सर्व्हे उतारा आणि रद्द केलेला धनादेश जवळ ठेवावा. दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट राहिलेली नाही. त्यानंतर पोर्टलवरील नोंदणीकृत एजन्सी निवडून करार करावा आणि पॅनेल भारतीय बनावटीच्या सौर सेलचेच असल्याची खात्री करावी, कारण त्याशिवाय अनुदान मिळत नाही. संच बसल्यावर महावितरण तपासणी करून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर) लावते, आणि संच कार्यान्वित झाल्याची नोंद झाल्यावर बँक तपशील भरले की अनुदान थेट खात्यात जमा होते.

एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि महिन्याला सुमारे 120 युनिट वीज मिळते. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे विक्रमी निर्मिती, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. पॅनेल तापले की त्याची क्षमता थोडी घटते. शिवाय बॅटरी नसलेला हा संच वीज गेल्यावर सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो, त्यामुळे घरातला बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर विकून टाकू नये.