गरीब विमान, खट्याळ विमान

२५ जुलै २०२२ ला बारामतीहून उडालेलं एक छोटं सेसना इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. विमानात प्रशिक्षणार्थी मुलगी एकटीच होती. तिच्या जखमा किरकोळ होत्या. आदल्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक शिकाऊ विमान पडलं. त्यात प्रशिक्षक गेले, शिकणारी वाचली. १८ मार्च २०२३ ला गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून निघालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात आदळलं आणि प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघंही मृत्युमुखी पडले.

तीन अपघातांवरून नियम काढता येत नाही. पण बातमी वाचताना आपल्या मनात ठरलेला एक प्रश्न असतो: "एकटीला सोडलं कसं?" तो तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या वैमानिकांच्या 'एओपीए' संघटनेच्या सुरक्षा विभागाने १९९१ ते २००० या काळातले स्टॉल (पंखांची उचल एकदम घटणं) आणि स्पिन (विमान गरगरत कोसळणं) यांचे जीवघेणे अपघात तपासले. त्यातल्या प्रशिक्षणाच्या उड्डाणांपैकी फक्त ९ टक्के वेळा विद्यार्थी एकटा होता. बाकी ९१ टक्के वेळा शेजारी प्रशिक्षक बसलेला होता!

पहिल्यांदा वाचलं की आकडे उलटे छापले गेलेत असं वाटतं. पण जरा विचार केला की उलगडतं. एकट्याला सोडतात ते हवा स्वच्छ असताना, ओळखीच्या धावपट्टीवर, ठरलेल्या घिरट्या मारायला. धोक्याचे सराव, म्हणजे इंजिन बंद पडल्याचं नाटक, मुद्दाम वेग घटवणं, जमिनीजवळची वळणं, प्रशिक्षकासोबतच होतात. शिवाय विद्यार्थ्याला चूक करू द्यायची आणि अगदी शेवटच्या क्षणी सावरायची, हेच प्रशिक्षकाचं काम. तो शेवटचा क्षण नेमका कुठे संपतो, हे दरवेळी कळतंच असं नाही.

आता स्टॉल म्हणजे काय ते पाहू, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. विमान स्टॉल झालं म्हणजे इंजिन बंद पडलं असं नव्हे. इंजिन मजेत चालू असतं. पंख समोरून येणाऱ्या हवेशी जो कोन करतो, तो साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून विस्कटते आणि उचल एकदम घटते. सेसना १५२ सारखं दोन आसनी विमान सरळ उडत असेल तर हे ताशी सुमारे ९० किलोमीटरला घडतं. द्रुतगती मार्गावरच्या मोटारी याहून जोरात पळतात. पण विमान वळत असेल तर पंखांना वजन पेलायचंच असतं, वर विमान वळवायचंही असतं. ४५ अंश कलून उंची राखत वळताना तोच वेग १०७ वर जातो, ६० अंशांना जवळजवळ १२७ वर. म्हणजे सरळ उडताना सुरक्षित असलेला वेग वळणात जीवघेणा ठरू शकतो, आणि वेगाचा काटा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

याची आवडती जागा म्हणजे उतरण्याआधीचं शेवटचं वळण. वैमानिकांच्या भाषेत 'बेस'वरून 'फायनल'ला येणं. पाठीमागून वारा असतो, विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे वाहत जातं. विद्यार्थ्याला ते दिसतं. जमीन जवळ असल्यामुळे विमान जास्त कलवायची त्याला भीती वाटते, म्हणून तो कललेलं विमान तसंच ठेवून पायाने रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी झडप, दाबतो आणि नाक आत ओढतो. नाक खाली झुकतं, म्हणून हाताने दांडा मागे खेचतो. यातली प्रत्येक कृती त्या क्षणी शहाणपणाची वाटते, आणि सगळ्या मिळून आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल करतात. विमान त्या बाजूला कोसळून गरगरू लागतं. हा स्पिन. आता हात काय करू पाहतो? खाली गेलेला पंख दांडा विरुद्ध बाजूला वळवून उचलायला जातो. त्याने त्या पंखाचा कोन आणखी वाढतो आणि प्रकरण चिघळतं. खरा उपाय असा: इंजिनाची ताकद काढायची, एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) मधोमध आणायचे, फिरण्याविरुद्ध पूर्ण रडर दाबायचा आणि मग दांडा पुढे ढकलायचा. जमीन डोळ्यांत भरत असताना नाक आणखी जमिनीकडे! पोटातून विरोध करणारी गोष्ट आहे ही.

आणि उपाय पाठ असला तरी उंची लागते. सेसना १५२ च्या पुस्तिकेप्रमाणे एका फेरीचा स्पिन आणि त्यातून बाहेर येणं, यात सुमारे १००० फूट जातात. शेवटच्या वळणावर हाताशी त्याच्या निम्मेच असतात. एओपीएच्या त्याच पाहणीत किमान ८० टक्के अपघात १००० फुटांच्या खाली सुरू झालेले निघाले.

मग स्पिन शिकवावाच कशाला? अमेरिकेने १९४९ मध्ये साध्या परवान्यासाठी तो काढूनच टाकला आणि स्टॉल वेळीच ओळखण्यावर भर दिला. आजही तिथे स्पिन सक्तीचा आहे तो होऊ घातलेल्या प्रशिक्षकांनाच. त्याच्या आधी, १९४० मध्ये, फ्रेड विक यांचं एरकूप विमान बाजारात आलं होतं. त्यात रडरची पेडलंच नव्हती, आणि दांडा एका मर्यादेपलीकडे मागे येत नसे. 'स्वभावतःच स्पिनमध्ये न जाणारं' असा सरकारी शिक्का त्याला मिळाला. विमानांतली गरीब गायच म्हणा. पण फार हळू नेलं तर तीही धपकन खाली बसायची, आणि पायातलं कसब तिच्यावर शिकणार कसं?

प्रशिक्षकांची तक्रार पुढे सेसनाबद्दलही तीच होती: स्पिनमध्ये घातलं तरी हे आपणच बाहेर येतं, पोरं शिकत नाहीत. पायपर कंपनीने प्रशिक्षकांची मतं मागवली आणि १९७८ मध्ये मुद्दाम खट्याळ विमान आणलं, टोमाहॉक. ११२ अश्वशक्ती, इंग्रजी 'टी'सारखी शेपटी, नासाने घडवलेल्या आकाराच्या काटछेदाचा पंख. १९८२ पर्यंत जवळपास अडीच हजार बनले. विमान मागितल्याप्रमाणेच निघालं, जरा जास्तच. काही काळाने पंखांच्या पुढच्या कडेवर आणखी पट्ट्या बसवण्याचा आदेश निघाला, म्हणजे स्टॉल पंखाच्या मुळाशी आधी सुरू व्हावा. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तर १९९७ मध्ये शंका घेतली की चाचणीतल्या नमुन्याचे पंख आणि कारखान्यातून निघालेले पंख एकसारखे नसावेत.

मला टोमाहॉकचा हिशेब म्हणूनच फार बोलका वाटतो. उड्डाणाच्या तासांमागे एकूण अपघात सेसना १५० आणि १५२ पेक्षा कमी, पण स्पिनमधले जीवघेणे अपघात जास्त. चावणारा कुत्रा असला की घरचे जपून वागतात. एखाद्या दिवशी चावला की मात्र खोलवर चावतो. माझं मत विचाराल तर शिकाऊ विमान थोडं खट्याळ असायला हरकत नाही, पण त्याची खोडी पाच हजार फुटांवर काढावी, पाचशेवर नव्हे.

सगळेच अपघात असे नाट्यमय नसतात, अर्थात. टाकीत इंधन न पाहता निघणं हे कारणही जगभर आहे. कार्ब्युरेटरमधला बर्फ हे आणखी एक. त्यात इंधनाची वाफ होताना आणि अरुंद नळीतून हवा खेचली जाताना तापमान वीस-तीस अंशांनी उतरतं, त्यामुळे बाहेर २५ अंश आणि कुंद पावसाळी हवा असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. कोकणातल्या पावसाळ्यात घाम पुसत असताना हे पटायला जड जातं. इंजिनाची गरम हवा आत सोडणारा एक खटका असतो, तो वेळेत ओढला की झालं.

स्टॉलच्या इशाऱ्यासाठी सेसना १५२ मध्ये मात्र ना वीज लागते ना संगणक. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र असतं आणि आत, बाजाच्या पेटीत असते तशी, एक रीड. स्टॉल जवळ आला की पंखाच्या कडेशी हवेचा दाब घटून तिथे शोषण सुरू होतं आणि ती वाजते. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारताना विद्यार्थी त्या छिद्रावर स्वच्छ रुमाल ठेवतो, तोंड लावतो आणि हवा ओढून पाहतो. सूर निघाला की पुढच्या तपासणीला लागतो.